मल्टीबँड व्हर्टिकल जुळवताना: आधी जमीन, मग लांबी

कोकणात घराभोवती जागा असते, पण ती माडापोफळींनी भरलेली. हॅम रेडिओसाठी (हौशी बिनतारी संपर्कासाठी) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडवी तार, ताणायला दोन्ही टोकांना मोकळी उंची सापडत नाही आणि तीन-चार बँडांसाठी तीन-चार डायपोल टांगणं तर आगरात शक्यच नसतं. म्हणून उभा अँटेना, म्हणजे व्हर्टिकल, सोयीचा वाटतो. दोन हात जागेत तो उभा राहतो आणि समोर समुद्र असेल तर आडव्या तारेला न जमणारं काम करून दाखवतो.

इथे १०, १५, २० आणि ४० मीटर या चार बँडांची ट्रॅप व्हर्टिकल (नळीवर मध्ये मध्ये ट्रॅप, म्हणजे कॉइल-कपॅसिटरच्या जोड्या, बसवलेली) धरून चाललो आहे. तिची उंची साधारण साडेसहा-सात मीटर असते. विकत घेतलेली असो वा ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून घरी बनवलेली, जुळवण्याची रीत एकच. प्रसारणासाठी दूरसंचार खात्याचा हॅम परवाना लागतो, हे नव्याने शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बहुतेक जण सुरुवात नळ्या सरकवण्यापासून करतात आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (केबलवरून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे अजिबात नाही) १.१ दिसला की काम झालं असं समजतात. व्हर्टिकलचा अर्धा भाग जमिनीवर पसरलेला असतो, आणि कोकणच्या जांभ्यावर तोच अर्धा भाग कच्चा असतो. रेडियल, म्हणजे बुडापासून चौफेर पसरायच्या तारा, टाकण्याआधी लांबी जुळवलीत तर ती सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

याचं गणित सोपं आहे. आदर्श जमिनीवर उभ्या असलेल्या पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रोध सुमारे ३६ ओहम असतो. ५० ओहमच्या केबलवर त्याचा एसडब्ल्यूआर १.४ येतो. मीटर १.० दाखवत असेल तर वरचे १४ ओहम कुठून आले? बहुधा मातीतून. म्हणजे १०० वॅटपैकी २८ वॅट जमीन तापवण्यात गेले. रेडियल वाढवत गेलं की एसडब्ल्यूआर १.१ वरून १.४ कडे चढतो आणि माणूस घाबरून तारा काढून टाकतो. त्या चढण्याने घाबरू नका. अँटेना सुधारत असल्याची ती खूण आहे.

जागा ठरवताना

पहिली अट विजेच्या तारांची. अँटेना कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये. उंचीच्या दुप्पट अंतर ठेवलं तर निर्धास्त. दुसरी अट माडाची. ओली झावळी किंवा नारळ ट्रॅपवर पडला तर दुरुस्ती उरत नाही, आणि पावसाने भिजलेलं झाड अगदी जवळ असेल तर जुळणीही सरकते. पत्र्याच्या पडवीपासून शक्य तेवढं लांब राहा. गंजलेल्या पत्र्यांचे सांधे स्वतःच खरखर निर्माण करतात.

समुद्राचा फायदा नेमका कुठे होतो, हे कळलं की जागा निवडणं सोपं जातं. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स असते आणि साध्या जमिनीची त्याच्या हजाराव्या भागाइतकी. उभ्या ध्रुवणाची लहर खाऱ्या पाण्यावरून परावर्तित होताना कमी कोनात जवळजवळ कमकुवत होत नाही, म्हणून पश्चिमेकडे अरबी समुद्रावरून आफ्रिका, आखात, युरोप इकडचे सिग्नल उचलून येतात. पाण्याच्या काठापासून एक-दोन तरंगलांबींच्या आत असाल तर हा लाभ सर्वांत मोठा. पण हे काम अँटेनापासून दूर घडतं. बुडाशी जो प्रवाह जमिनीतून परततो, त्याला समोरच्या समुद्राचा काही उपयोग नाही. अँटेना सड्यावर असेल आणि खाली गुहागरचा किनारा दिसत असेल, तरी बुडाशी कोरडा जांभाच आहे. तिथे रेडियलच लागतात.

रेडियल

जमिनीवरच्या रेडियलची लांबी मोजून-मापून कापायची गरज नाही. माती त्यांचा रेझोनन्स (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळणं) मोडून टाकते. संख्या महत्त्वाची. ब्राउन, लुइस आणि एप्स्टीन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनंतर मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांवर १२० रेडियल टाकण्याची पद्धत रुळली. हॅमला एवढ्यांची गरज नसते. ४ लांब तारांपेक्षा १६ आखूड तारा बऱ्या, आणि १६ वरून ३२ वर गेलात तर त्यापुढचा फायदा झपाट्याने कमी होतो. जागा असेल तर १० मीटरच्या, नसेल तर ५ मीटरच्या. सगळ्या बाजूंना सारख्या पसरता येत नसतील तर जिथे जागा आहे तिथे पसरा, गडग्याला लागून वळवा, चालेल.

तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची घ्या. घरातल्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर उत्तम. वेष्टनामुळे कामात काही फरक पडत नाही आणि खाजणाच्या मातीत उघडं तांबं फार दिवस टिकत नाही. ॲल्युमिनियमची तार जमिनीत कधीच घालू नका. जांभ्यावर खणणं अशक्य असतं, म्हणून तार जमिनीलगत ताणून जी. आय. तारेच्या वाकवलेल्या आकड्यांनी ठोकायची आणि वरून थोडी माती सारायची. पहिल्या पावसानंतर गवत तिला झाकून टाकतं. आगरात मात्र चार-पाच बोटं खोल घाला, नाहीतर आळी करताना कुदळीखाली येईल. शिंपण्याच्या पाटाजवळून गेलेली तार जास्त चांगलं काम करेल अशी अपेक्षा ठेवू नका; गोडं पाणी काही समुद्र नव्हे.

सगळ्या तारा बुडाशी एका स्टेनलेस पट्टीवर, टिन लावलेल्या लगांनी (तारेच्या टोकाला बसवायच्या कड्यांनी), बोल्टने आवळा. केबलची जाळी याच पट्टीला.

जांभा पाणी धरून ठेवत नाही. शिमग्यानंतर तो कोरडा ठणठणीत असतो आणि आषाढात आरपार भिजलेला. चारच रेडियल असतील तर एप्रिलमध्ये जुळवलेला अँटेना जुलैत वेगळेच आकडे दाखवतो. तीस रेडियलवर हा फरक नगण्य होतो, कारण प्रवाह मातीतून जाण्याऐवजी तांब्यातून जातो. ही स्थिरता मला एसडब्ल्यूआरच्या सुंदर आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

गच्चीवर असाल तर

स्लॅबवर नियम उलटे होतात. जमिनीपासून उचललेले रेडियल जुळवलेलेच हवेत, प्रत्येक बँडला निदान दोन, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. लांबी मीटरमध्ये काढायची तर ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ साठी १०.०४ मीटर, १४.१५ साठी ५.०४, २१.२ साठी ३.३६, २८.५ साठी २.५०. वेष्टन असलेली तार यापेक्षा दोन-चार टक्के आखूड भरते. एक युक्ती: एका बँडचे दोन रेडियल अँटेनापासून सोडवून त्यांना डायपोलसारखी केबल जोडा, प्रत्यक्ष उंचीवर मोजा आणि दोन्ही सारखे कापत योग्य फ्रिक्वेन्सीवर आणा. मग परत अँटेनाला जोडा. रेडियलच्या टोकांवर प्रसारणाच्या वेळी मोठा विद्युतदाब असतो, तेव्हा वाळवणाच्या दोऱ्यांपासून आणि मुलांच्या हातापासून ती दूर बांधा.

चोक

हा भाग अनेक जण टाळतात आणि मग आठवडाभर आकडे का नाचतात ते कळत नाही. चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी, नसेल तर केबलची बाहेरची जाळी आपोआप एक रेडियल बनते. केबल हलवली की रेझोनन्स हलतो. बुडाशी ३१ मिश्रणाच्या, २४० आकाराच्या फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ या बारीक कोॲक्सियल केबलचे १० ते १२ वेढे घाला. तपासणी सोपी आहे: मीटरवर नजर ठेवून केबल मुठीत धरा आणि मूठ पुढे-मागे सरकवा. आकडा हलला तर चोक कमी पडतोय.

केबलबद्दल एकच गोष्ट. ३० मीटर आरजी-५८ मध्ये २८ मेगाहर्ट्झला सुमारे अडीच डेसिबल हरवतात. अँटेनाच्या बुडाशी एसडब्ल्यूआर ३ असला तर खोलीत बसलेल्या माणसाला तो १.८ दिसतो. जुळवताना मोजमाप बुडाशीच करा.

मीटर हातात घेतल्यावर

नॅनोव्हीएनए हा हातात मावणारा अँटेना-मापक पुरेसा आहे. पण त्याला १ ते ३० मेगाहर्ट्झ एकदम तपासायला लावू नका. १०१ बिंदूंमध्ये तो २९० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो आणि ४० मीटरवरची एसडब्ल्यूआरची अरुंद दरी त्या उडीत हरवून जाते. बँड वेगवेगळे बघा: ६.८ ते ७.५, १३.५ ते १५, २०.५ ते २२, २७.५ ते ३०. प्रत्येक पल्ल्यासाठी ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन जोडकेबलच्या टोकाशी करा आणि जागा वेगवेगळ्या साठवा.

जोडण्याआधी अँटेनाचा मधला तार आणि रेडियल पट्टी क्षणभर एकमेकांना टेकवा. कोरड्या वाऱ्यात, विशेषतः वळवाचे ढग जमताना, उभ्या नळीवर स्थिर वीज साठते आणि तेवढीच ठिणगी या नाजूक यंत्राला पुरते. ढग गडगडत असतील तर काम बंद.

पडद्यावर फक्त एसडब्ल्यूआर पाहू नका. R (रोध) आणि X (रिॲक्टन्स) दोन्ही लावा. X शून्य होतो तिथे रेझोनन्स. एसडब्ल्यूआर १.४ म्हणजे ३६ ओहमही असू शकतो आणि ७० ओहमही. पहिला शुभ, दुसरा जमिनीतली गळती किंवा सैल सांधा.

क्रम

ट्रॅप म्हणजे समांतर जोडलेली कॉइल आणि कपॅसिटर. आपल्या फ्रिक्वेन्सीला तो दार बंद करतो, त्यामुळे त्याच्या वरची नळी त्या बँडपुरती नसल्यासारखी होते. त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीला तोच ट्रॅप भरणीची कॉइल बनतो, म्हणून सात मीटरची काठी ४० मीटरवर चालते. बुडापासून पहिल्या ट्रॅपपर्यंतचा तुकडा १० मीटरचा, दुसऱ्यापर्यंत १५ चा, तिसऱ्यापर्यंत २० चा आणि टोकापर्यंत ४० चा.

यातून क्रम आपोआप ठरतो: १०, मग १५, मग २०, शेवटी ४०. खालचा तुकडा पुढच्या प्रत्येक बँडात सामील असतो, पण टोकाची नळी फक्त ४० ला लागते. ज्या अँटेनात ट्रॅपऐवजी एका बुडाशी अनेक समांतर तारा असतात, तिथे उलट, सर्वांत लांब तारेपासून सुरुवात करा. विकतच्या अँटेनासोबत छापील क्रम असेल तर तोच पाळा. काही बनावटींमध्ये कॉइलची रचना वेगळी असते.

किती सरकवायचं? पूर्ण पाव तरंगलांबीच्या नळीत १ सेंटिमीटरने २८ मेगाहर्ट्झला सुमारे ११४ किलोहर्ट्झ, २१ ला ६३, १४ ला २८ आणि ७ ला ७ किलोहर्ट्झ हलतात. समजा १० मीटरचा रेझोनन्स २७.९ वर आला आणि तुम्हाला २८.४ हवा. ५०० किलोहर्ट्झ म्हणजे साधारण साडेचार सेंटिमीटर आखूड. एकदम साडेचार नको. तीन सेंटिमीटर आत घाला, मोजा आणि प्रत्यक्ष किती हललं त्यावरून उरलेलं काढा. या एका बदलाने १५ मीटर दोन-अडीचशे किलोहर्ट्झ वर गेलेला दिसेल, २० सुमारे शंभरने. म्हणूनच १० चं काम पुरतं झाल्याशिवाय १५ ला हात लावू नये.

टोकाच्या नळीला वरचा हिशेब लागू होत नाही. ट्रॅपच्या वरचा तो आखूड तुकडा जास्त संवेदनशील असतो, थोड्या हालचालीने बराच फरक पडतो. तिथे नेहमी आधी एक सेंटिमीटर.

प्रत्येक नळीवर हलवण्याआधी मार्करने रेघ मारा आणि वहीत लिहा. मोजताना अँटेना उभा, शिडी दूर नेलेली आणि आपण तीन-चार मीटर लांब. ॲल्युमिनियमची शिडी बाजूला टेकवून मोजलेला आकडा शिडीसकट अँटेनाचा असतो. बुडाशी बिजागिरी असेल तर खाली-वर करणं दोघांचं दहा मिनिटांचं काम होतं, म्हणून तेवढा खर्च सुरुवातीलाच करावा.

लक्ष्य कुठे ठेवायचं हे तुमच्या सवयीवर. एफटी८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) वापरणाऱ्यांना ७.०७४, १४.०७४, २१.०७४, २८.०७४ आवश्यक. वरच्या बँडांची दरी रुंद असते, तिथे मध्य पकडला की पुरे. आपल्याकडे ४० मीटर ७.० ते ७.२ आहे, ट्रॅप व्हर्टिकलचा पल्ला तिथे अरुंद, तेव्हा बोलण्याचा भाग की कमी फ्रिक्वेन्सीचा मोर्सचा भाग, हे आधी ठरवा.

४० मीटरचा कमी रोध

रेडियल भरपूर झाले की ४० वर R २० ओहमच्या आसपास येऊ शकतो. आखूड अँटेनाचा तो स्वभाव आहे. एसडब्ल्यूआर २.५ दिसतो आणि रेडियो शक्ती कमी करतो. रेडियल काढू नका. बुडाशी, मधला तार आणि रेडियल पट्टी यांच्यामध्ये, ०.९ मायक्रोहेन्रीची कॉइल टाका: २ मिलिमीटर तांब्याच्या तारेचे ७-८ वेढे, २५ मिलिमीटर व्यास, २५ मिलिमीटर लांबीत पसरलेले. मग टोकाची नळी किंचित आखूड करा, म्हणजे हव्या फ्रिक्वेन्सीला X उणे २४ च्या जवळपास येईल. कॉइलचे वेढे दाबून-ताणून शेवटची जुळणी होते. वरच्या बँडांवर, विशेषतः २० वर, थोडा परिणाम होतो, तो एकदा परत तपासून दुरुस्त करा. या कॉइलमुळे स्थिर वीजही सतत जमिनीत उतरत राहते, हा किनाऱ्यावर वेगळा लाभ.

खारा वारा

जुळणी झाली की प्रत्येक सांधा उघडा, नळीचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासा, जस्तमिश्रित जॉइंट कंपाउंडचा पातळ थर द्या आणि खुणेवर परत आवळा. पट्टे आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ ला किनाऱ्यावर तांबूस डाग पडतात. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट टेकू देऊ नका, मध्ये स्टेनलेसचा वॉशर. केबलच्या जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, वरून विनाइल टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी पदरांवरून ओघळून जाईल.

ट्रॅपची भोकं खाली तोंड करून ठेवा आणि ती कधी बुजवू नका. कुंभारमाशीला ती फार आवडतात, मातीचं घर केलं की ट्रॅपमध्ये पाणी अडतं. बारीक जाळी लावा.

ताण द्यायला पॉलिएस्टरची दोरी. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवर जाळ्याच्या सामानाच्या दुकानांत चांगली दोरी मिळते. काथ्या नको, नायलॉन वाऱ्यात लांबतं. मिरगाआधी गाठी पाहून घ्या. वादळाचा इशारा आला तर अँटेना आडवा करून बांधून ठेवा आणि केबल खिडकीबाहेर सोडवा. गणपतीनंतर ऊन पडलं की बुडाचा इन्सुलेटर आणि ट्रॅप गोड्या पाण्याने धुवा, चारही बँड मोजा, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.

आकडे बदलले तर त्यांच्या दिशेवरून दोष ओळखता येतो. १० मीटरसह सगळे बँड खाली सरकले तर सर्वांत खालच्या ट्रॅपमध्ये पाणी. १० गेला आणि बाकीचे वर चढले तर तो ट्रॅप शॉर्ट झालाय. १० ठीक पण बाकी सगळे गायब, तर त्याची कॉइल तुटली. एकही बँड हलला नसून सगळ्यांचा R वाढला असेल, तर ट्रॅपला दोष देऊ नका, रेडियल पट्टीवरचे लग बघा.

व्हर्टिकल जवळच्यांसाठी कमकुवत आहे, हे किनाऱ्यावरच्या हॅमने माहीत करून घ्यायलाच हवं. तिचा सिग्नल कमी कोनात जातो, ५० ते ३०० किलोमीटरवरचा श्रोता मधल्या शांत पट्ट्यात राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडची वीज आणि मोबाइल कोलमडले. अशा वेळी रत्नागिरीहून पुण्याशी किंवा मुंबईशी बोलायचं असतं. त्यासाठी सव्वावीस मीटर तारेचा ४० मीटरचा डायपोल, मधोमध चोकसह, गुंडाळी करून कपाटात ठेवा. वादळ ओसरल्यावर तो तीन-चार मीटर उंचीवर कुठल्याही दोन उभ्या खांबांना बांधला तरी पुरतो, कारण त्याला सिग्नल सरळ वर पाठवायचा असतो. दिवसा ४० चालतो; रात्री तो जवळच्या अंतरासाठी बंद पडतो, म्हणून दुप्पट लांबीचा ८० चाही सोबत असू द्या. दोन्ही आत्ताच, कोरड्या दिवसात, त्याच मीटरने जुळवून घ्या आणि लांबी त्याच वहीत लिहून ठेवा.